रिकाम्या रकान्यातलं शून्य

माझी नात सोलापुरातल्याच एका कॉलेजात व्यवस्थापन शिकते. परीक्षा जवळ आली की ती पुस्तकं घेऊन आमच्याकडे येऊन बसते, कारण तिच्या घरी टीव्ही आणि धाकटा भाऊ हे दोन्ही अखंड चालू असतात. दिवाळीनंतरच्या एका दुपारी तिनं वही माझ्यापुढे सरकवली.

"आजोबा, हे तुम्ही ऑफिसात करायचात ना? हे ट्रान्सपोर्टेशनचं?"

मी चष्मा पुसला आणि बघितलं. डावीकडे कारखाने, वर गोदामं, मध्ये रकाने, आणि प्रत्येक रकान्याच्या कोपऱ्यात एका पोत्याचा वाहतूकखर्च. कुठल्या कारखान्यातून कुठल्या गोदामाला किती पोती पाठवली म्हणजे एकूण खर्च सगळ्यात कमी होईल, एवढंच विचारलं होतं. तिनं ते सोडवलंही होतं. अडली होती ती शेवटच्या पायरीवर.

ही पायरी आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. उत्तर निघालं की काही रकाने भरलेले असतात आणि बरेचसे रिकामे राहतात. मग एकेका रिकाम्या रकान्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्या वाटेनं थोडा माल पाठवला तर खर्च कितीनं वाढेल? वाढणार असेल तर तो रिकामाच बरा. कमी होणार असेल तर आपलं उत्तर अजून कच्चं आहे. नातीच्या वहीत एका रिकाम्या रकान्यापुढे शून्य आलं होतं. वाढतही नाही, कमीही होत नाही.

"म्हणजे माझं चुकलं का?" ती म्हणाली.

"नाही गं. याच खर्चात दुसरं उत्तरही आहे, एवढाच अर्थ. तेही तितकंच चांगलं."

"मग मी कुठलं लिहू?"

"कुठलंही."

"असं कसं कुठलंही? गणित आहे ना हे?"

"गणिताचं काम संपलं. इथून पुढं माणसानं ठरवायचं."

ती "अच्छा" म्हणाली आणि पान उलटून पुढच्या गणिताकडे गेली. मी मात्र तिथंच राहिलो. जे मी तिला इतक्या सहज सांगितलं, तेच एका माणसानं मला एकदा विचारलं होतं. जवळपास याच शब्दांत. आणि त्याला मी नाही म्हणालो होतो.

मी एका दूध संघाच्या नियोजन विभागात नोकरी केली. संख्याशास्त्र शिकून आलेला तिथं मी एकटाच, त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं माझ्याकडे वार्षिक अहवालातले तक्ते आणि संचालकांच्या मुलांचे अर्ज भरून देणं, ही दोनच कामं होती. गावोगावचं दूध कॅनमधून गोळा व्हायचं, छोट्या गाड्या ते सकाळ-संध्याकाळ उचलायच्या आणि जवळच्या शीतकरण केंद्रात नेऊन ओतायच्या. एका गाडीच्या वाटेवरची गावं मिळून एक लाईन. लाईनी कुणी आखल्या होत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जो संचालक निवडून आला त्यानं आपल्या गावावरून गाडी वळवून घेतली, पुढचा आला त्यानं आणखी वळवली. काही गाड्या एकाच रस्त्यानं अर्ध्या रिकाम्या, एकमेकींच्या मागं धावायच्या.

डिझेल महागलं तसं अध्यक्षांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुम्ही काहीतरी गणित शिकून आलाय म्हणतात. करा की त्याचा उपयोग."

मला इतका आनंद झाला होता, की त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले. बायकोनं विचारलं, बढती मिळाली का? म्हटलं, नाही, काम मिळालं.

अंतरं कागदावरची घ्यायची नाहीत, असं मी ठरवलं. प्रत्येक लाईनच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून फिरलो, मीटर बघून लिहून घेतलं. त्या फिरण्यात मला मंद्रूपच्या पलीकडच्या लाईनीचा ड्रायव्हर भेटला. पस्तिशीचा, आडव्या अंगाचा, गाडी स्वतःची. मोठ्या रस्त्याला एक फाटा आहे. तिथून आत दोन रस्ते फुटतात, एक डावीकडच्या गावांना, एक उजवीकडच्या. डावीकडची लाईन याची. त्याच लाईनीवर त्याची वस्ती होती.

वस्तीपाशी आल्यावर त्यानं गाडी लिंबाखाली घेतली, कॅनवर ओली पोती टाकली आणि म्हणाला, "साहेब, जरा थांबताव का? म्हाताऱ्याला कूस बदलून येतो."

मीही मागोमाग आत गेलो. त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. खाटेवर पडून असायचे. जन्मभर मराठी आणि कानडी दोन्ही बोललेला माणूस, पण झटका आल्यापासून मराठी पार पुसली गेली होती, राहिली ती लहानपणी आईकडून आलेली कानडी, तीही थोडी. मुलाची चाहूल लागली की म्हणायचे, "बंद्या?" आलास का? बस. ड्रायव्हरनं एक हात मानेखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला आणि त्यांना दुसऱ्या कुशीवर असं वळवलं की खाट करकरलीसुद्धा नाही. पाठ पुसली, पावडर लावली, दुधात कुस्करलेल्या भाकरीचे दोन-चार घास भरवले. थोरला भाऊ दारात उभा होता. घर एकच, मध्ये भिंत घालून दोघांत वाटलेलं.

"माझी कंबर गेलीया," थोरला मला म्हणाला. "न्हायतर म्या केलं असतं. हेच्या गाडीच्या टायमावर चाललंय म्हाताऱ्याचं."

"टायमावर कुटलं?" ड्रायव्हर आतून ओरडला. "उशीर झाला की आख्ख्या वस्तीला ऐकू जातंय की बंद्या बंद्या!"

दोघं हसले. म्हातारेही हसल्यासारखे झाले, तोंडाच्या एका बाजूनं. मला चहा मिळाला. वहीत मी त्या थांब्याचं अंतर लिहिलं नाही, कारण अंतर नव्हतंच. गाडी वाटेवरच थांबली होती.

गणित मांडायला काही महिने गेले. मांडलं ते आधी हातानं, मग ऑफिसात नुकत्याच आलेल्या संगणकावर पडताळून. मला आजही ते काम सुंदर वाटतं. ओढून-ताणून वळवलेल्या वाटा एकेक करून सरळ होत गेल्या. मंद्रूपकडच्या केंद्राला झेपायचं त्यापेक्षा दूध जास्त येत होतं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला करकंबकडे दूध वाढलं होतं आणि तिथं गाडी कमी पडत होती, आणि शहरातून दक्षिणेला येणारी मोठी गाडी परतताना निम्मी रिकामी असायची. उत्तर असं निघालं की फाट्याच्या आतल्या दोनपैकी एक लाईन त्या मोठ्या गाडीनं उचलावी, आणि त्या लाईनीची छोटी गाडी मोकळी करून करकंबला पाठवावी.

संगणकानं मोकळी केली ती डावीकडची गाडी.

शेवटी मी नेहमीसारखे रिकामे रकाने तपासले. ही माझी सवय, संगणकावर माझा तेव्हा पुरता विश्वास नव्हता. एका रकान्यापुढे शून्य आलं. तो रकाना म्हणजे डावीकडच्या लाईनीला तिची जुनी वाट तशीच ठेवणं. मी नकाशा पुढे घेतला आणि मला लगेच दिसलं. फाट्यापासून आत दोन्ही लाईनी सारख्याच लांबीच्या, दूधही सारखंच, आणि फाट्याच्या पुढे तर दोघींचा रस्ता एकच. मोठी गाडी डावीकडे वळली काय आणि उजवीकडे वळली काय, संघाला काही फरक पडत नव्हता. उजवीकडच्या गाडीवरचा पोरगा एकटा होता, गाडीतच झोपायचा, त्याला कुठंही चाललं असतं. मी शून्याभोवती पेन्सिलीनं गोल केला. मग संचालक मंडळाच्या बैठकीसाठी तक्ता टाईप करायला दिला, त्यात भरलेले रकाने तेवढे होते.

बैठकीत जे व्हायचं ते झालं. प्रत्येकाला दुसऱ्याची लाईन बदललेली चालत होती. एक संचालक टेबलावर हात आपटून म्हणाले, "आमच्या गावावरनं गाडी गेली पायजे म्हणजे गेली पायजे!" तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. यात कुणाचा वशिला नाही. गणितानं एकच उत्तर दिलंय. काय हो, एकच ना?"

मी म्हणालो, "हो, एकच."

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भीती होती, पण नोकरीची नव्हती. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणाच्या ओळखीपेक्षा काहीतरी मोठं टेबलावर ठेवलं गेलं होतं, आणि ते मी ठेवलं होतं. एका ठिकाणी दोन उत्तरं आहेत असं कबूल केलं असतं, तर सगळ्यांनी आपापल्या गावासाठी दुसरं उत्तर मागितलं असतं. पुन्हा वाटा वळल्या असत्या. तक्ता वाचवायचा म्हणून मी त्यातलं एक खरं झाकलं. त्या क्षणी मला ते न्यायाचंच वाटलं होतं. आणि मला माहीत होतं की डावीकडच्या लाईनीवर कोण आहे. हे मी विसरलो नव्हतो.

तो आठवड्याभरात ऑफिसात आला. संचालकाकडे गेला नाही, चिठ्ठी आणली नाही. जेवणाची सुट्टी संपत आली होती. चप्पल दाराबाहेर काढून आत आला, तेव्हा मीच म्हटलं, अरे, चप्पल कशाला काढतोस?

"साहेब, करकंब लई लांब पडतंय ओ. तितंच खोली करून ऱ्हावं लागंल. म्हाताऱ्याचं तुमाला ठावं हाय की."

"माहीत आहे रे. पण हे मी ठरवलेलं नाही. संगणकानं काढलंय."

"व्हय, ते ऐकलं. म्हणलं, त्यात दुसरं उत्तर काय निघतंय का तेवढं इचारावं."

माझ्या टेबलाचा खण अर्धा उघडा होता. पेन्सिलीचा गोल असलेला कागद त्यातच होता.

"नाही," मी म्हणालो. "एकच निघतं."

"बरं." तो दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "तुमी बघितलंय म्हणल्यावर झालं. दुसरं कुणी सांगितलं असतं तर भांडलो असतो."

चप्पल घालताना त्यानं मला चहाला बाहेर चला म्हणून विचारलं. मी काम आहे म्हणून सांगितलं.

तो करकंबला गेला. दुधाला रविवार नसतो, सण नसतो. बदली ड्रायव्हर मिळाला की वस्तीवर यायचा, पण तसा ड्रायव्हर सहसा मिळायचा नाही. पुढचा उन्हाळा लागला आणि त्याचे वडील गेले. ऑफिसातल्या एका कारकुनाकडून मला कळलं. तो त्या गावच्या बाजूचा होता. म्हणाला, मातीला पोचायला पोराला उशीर झाला, आणि भावाभावांचं तिथंच वाजलं. थोरला सगळ्यांसमोर म्हणाला, गाडीच्या भाड्यासाठी बापाला टाकून गेला. धाकटा शपथा घेत राहिला की इलाज नव्हता. विजापूरला दिलेली बहीण थोरल्याच्या बाजूनं बोलली. तेव्हापासून ती दोघं धाकट्याशी बोलत नाहीत.

माझ्यामुळे ते गेले असं मी म्हणत नाही. वय झालं होतं, दुखणं जुनं होतं. पण त्या वयाच्या नि दुखण्याच्या आड लपायचा मला अधिकार नाही. मी भेटायला गेलो नाही. ऑडिट चालू होतं हे खरं आहे, पण ऑडिट संपल्यावरही गेलो नाही. त्याच वर्षी वार्षिक सभेत डिझेल वाचवल्याबद्दल अध्यक्षांनी मला शाल आणि श्रीफळ दिलं. ती शाल अजून कपाटात आहे, घडीही मोडलेली नाही.

नातीची परीक्षा संपली त्या आठवड्यात मी सकाळची एसटी धरली. मंद्रूपला बाजाराचा दिवस होता, गाडी तिथंच निम्मी रिकामी झाली. पुढे फाट्यावर उतरलो. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं भरत आली होती. फाट्यावर पूर्वी काही नव्हतं, आता पंक्चरचं दुकान आणि एक रसवंती आहे. मी मधोमध उभा राहून आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. कागदावर जे शून्य दिसलं होतं ते इथं जमिनीवरच होतं. सारखाच रस्ता, सारखेच खड्डे. रसवंतीवाल्यानं विचारलं, "आजोबा, कुटं जायाचं हाय? वाट सापडंना व्हय?" म्हटलं, सापडली आहे.

ड्रायव्हरनं गाडी विकून वस्तीवर, आपल्या वाटणीच्या अर्ध्या घरात पिठाची गिरणी टाकली आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं. गिरणी चालू होती. तो आत, केसांपासून पायांपर्यंत पांढरा. मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"साहेब? तुमी? आरं तिच्या! म्या पीठ लावून पांढरा झालो, तुमी तर तसंच झालाय की!"

गिरणीचा आवाज इतका की काही बोलायची सोय नव्हती. तरी मी बोलायला लागलो, कारण थांबलो असतो तर परत फिरलो असतो.

"तुझ्या लाईनीचं जे झालं ना, त्याबद्दल—"

"आँ?"

"लाईन! करकंबची!"

"करकंबला कुटं आता! सोडलं की ते!"

"दुसरं उत्तर होतं!" मी ओरडलो.

त्यानं बटण दाबलं. पट्टा सुस्तावत थांबला. पाटी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "अवो, आदी माजं दळण उतरवा, मग सायबासंगं बोला. घरी पोरं उपाशी हायती." त्यानं तिची पाटी भरून दिली. ती गेल्यावर पोत्यावर बसला आणि मला समोरचं पोतं दाखवलं.

मी सगळं सांगितलं. रकाना, शून्य, फाटा, दोन्ही लाईनी. बैठक. उघडा खण.  तो हाताच्या पाठीवरचं पीठ बोटानं ओढत राहिला.

"म्हंजे व्हतं," शेवटी म्हणाला.

"होतं."

"त्या दिवशी बी व्हतं. म्या इचारलं तवा."

"हो. खणातच होतं."

"मला करकंबचं काय न्हाय, साहेब. पोटासाठी माणूस कुटं बी जातंय." तो थांबला. "पर म्या थोरल्याला शपथ घेऊन सांगितलं. आईची शपथ. दुसरं उत्तर न्हाय, साहेबांनी सोता बघितलंय. ताईला सांगितलं. बापाच्या मातीवर उभं ऱ्हाऊन सांगितलं. तुमचं खोटं माज्या तोंडानं बोललो की ओ मी."

मी हात जोडले. त्यानं ते बघितलं आणि नजर दुसरीकडे केली.

"मला नका सांगू. मला सांगून काय उपेग? त्याला सांगा." त्यानं भिंतीकडे मान हलवली. "त्यो माज्या गिरणीत दळत न्हाय. कंबर धरून दळण मंद्रूपला घेऊन जातो, पर हितं येत न्हाय."

"तू येतोस बरोबर?"

"म्या आलो की त्यो उठून जाईल."

मी एकटाच गेलो. वळसा घालून पलीकडच्या दारात. थोरला ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. पार वाकलाय. नाव सांगितलं, संघाचं सांगितलं, तेव्हा त्याला आठवलं.

"बसा. च्या न्हाय मिळायचा, म्हस आटलीया."

"चहाला नाही आलो."

त्यालाही सगळं सांगितलं. तो शेंगा फोडत राहिला, टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे. मी थांबलो तसा त्याचाही हात थांबला.

"दोनी उत्तरं सारकीच व्हती?"

"अगदी सारखी."

"मग हेचीच गाडी का?"

"संगणकानं आधी ती दाखवली."

"आन तुमी?"

"मी बदलली नाही."

"म्हातारा हितं पडलेला तुमी बघितला व्हता. माज्या हातचा च्या घेतला व्हता."

"हो."

"त्येनं इचारलं व्हतं तुमाला? येऊन?"

"हो. विचारलं होतं. चप्पल बाहेर काढून आत आला होता."

हे कशाला सांगितलं मला ठाऊक नाही. पण थोरला तिथंच जरा हलला. त्यानं मधल्या भिंतीकडे बघितलं. पलीकडे गिरणी बंदच होती.

"शेवटाला कुटली बी गाडी वाजली की बंद्या म्हणायचा," तो म्हणाला. "मोठी गाडी यायची ना दुधाची, तुमी लावल्याली. तिचा बी आवाज आला की, बंद्या. म्या सांगायचो, त्यो न्हाय, दुसराच हाय. मला त्येचाच राग यायचा. रोज दोन टायमाला." मग एकदम माझ्याकडे वळून कडक आवाजात म्हणाला, "तुमी आत्ता आलाय व्हय, साहेब? मातीला का न्हाय आला? तवा बोलला असता तर आमी घरात बोलत ऱ्हायलो असतो."

 मी नाही म्हणून मान हलवली. असल्या मान हलवण्याला काही अर्थ नसतो.

उठलो तेव्हा तो म्हणाला, "थांबा. ताईचं काय?"

"त्यांनाही मी भेटतो. विजापूरला जातो."

"तुमच्या बोलण्यावर तिचा इस्वास बसायचा न्हाय. म्हणंल, ह्येनंच कुटला तरी म्हातारा शिकवून धाडलाय." त्यानं दाणे मुठीत घेतले आणि परत सुपात सोडले. "लिवून द्या. सगळं लिवा. आकडेमोड कशी व्हती, खणात काय व्हतं, समदं. मी जाऊन वाचून दाखवतो तिला. तिकडं ऱ्हाऊन तिला आता मराठी कमी कळतंय, कानडीत सांगंन."

"तुम्ही वाचाल?"

"मग कोन वाचणार? त्येच्या त्वांडून ती ऐकंल व्हय?"

निघताना गिरणीत डोकावलो. ड्रायव्हर अजून त्याच पोत्यावर बसून होता. मी सांगितलं की भावानं लिहून मागितलं आहे, तोच वाचून दाखवणार आहे बहिणीला.

"त्यो वाचणार?"

"हो म्हणाला."

त्यानं कपाळ पुसलं, पिठाचा पट्टा आणखी रुंद झाला. "अक्षर मोठं काढा मग," म्हणाला. "त्येला चष्मा लागलाय, पर लावत न्हाय."

म्हणून हे लिहिलं आहे. आठवणी लिहिण्याचा माझा विचार बरीच वर्षं होता, त्यात डिझेल वाचवल्याचं प्रकरण येणारच होतं, आणि ते मी शाल-श्रीफळापर्यंत आणून थांबवलं असतं. आता ते इथपर्यंत आलं आहे. नातीनं टाईप करून दिलं आणि अक्षर मोठं ठेवलं.  वाचून फक्त एक म्हणाली, की रकान्याचं जे सुरुवातीला आहे ते ताईंना कळणार नाही, शेवटी साध्या शब्दांत पुन्हा सांगा.

तर ताई, साध्या शब्दांत असं आहे. फाट्याच्या आतल्या दोन गाड्यांपैकी एक करकंबला जायची होती. कुठली, हे गणितानं सांगितलं नव्हतं. तुमच्या भावाची न पाठवता दुसरी पाठवली असती, तरी संघाचं काहीही बिघडलं नसतं, आणि हे मला माहीत होतं. तुमचा भाऊ माझ्याकडे आला आणि त्यानं विचारलं, दुसरं उत्तर आहे का? मी नाही म्हणालो. त्यानं घरी येऊन तुम्हाला जे सांगितलं, ते त्याच्या बाजूनं खरं होतं. खोटं माझं होतं.

हे वाचणारा तुमचा थोरला भाऊ आहे. तो इथं थांबला, तर त्याला थोडा वेळ द्या.